समीक्षकाने उभारलेले विद्यापीठ

आपल्याकडे शिक्षणक्षेत्रातल्या मोठ्या माणसावर लिहायचे म्हटले की एक साचा तयार असतो. गरिबी, चालत जाऊन घेतलेले शिक्षण, एखादा देवमाणूस शिक्षक, मग प्राचार्यपद, कुलगुरुपद, सत्कार. माणूस त्यात मोठा दिसतो. त्याच्या हातून झालेले काम मात्र हार-तुऱ्यांच्या ढिगाखाली दिसेनासे होते. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्याबद्दल तसे लिहायचे नाही, एवढे ठरवून हा लेख सुरू करतो आहे. त्यांचे ‘मूठभर माती’ हे आत्मचरित्रही मुद्दाम बाजूला ठेवले आहे. माणसाने स्वतःविषयी जे लिहिले ते वाचणे सोपे असते. त्याने उभ्या केलेल्या संस्था वाचणे अवघड, कारण त्या नंतर दुसऱ्यांच्या हातात जातात आणि तरीही त्यांच्यावर पहिला हात कोणाचा होता ते पुसले जात नाही.

पदे मोजायची तर लांबलचक यादी होईल. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यानंतर लातूरचे नगराध्यक्ष. २००८ ते २०१४ राज्यसभेत खासदार. आणि या सगळ्याच्या आधीपासून, सगळ्यात शेवटपर्यंत, साहित्याचे समीक्षक. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वाङ्मयाची मराठी वाचकाला ज्यांनी पद्धतशीर ओळख करून दिली त्या थोड्या लोकांत त्यांचे नाव आहे. माझा दावा असा की ही शेवटची ओळख पहिली मानली तरच बाकीच्या चारांचा अर्थ लागतो, आणि त्यांतली विसंगतीही कळते.

त्या काळाकडे जरा मागे जाऊन पाहू. मराठीत काळ्या साहित्याचे वारे आले ते औरंगाबादेतून. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले होते, गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ चालवत होते, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ते नावच उसने घेतले. या संबंधाची एक जुनी गाठ होती. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करणार होते त्याची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले. दोन पत्रांचा हा व्यवहार, पण त्यातून एक वाट पडली.

वाघमारे त्या वाटेवर इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून आले. त्या काळच्या भाषेत त्याला ‘निग्रो साहित्य’ म्हणत. त्यांच्या मराठी पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे. अर्जुन डांगळे यांनी १९९२ मध्ये संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या इंग्रजी संग्रहात काळे साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना करणारा त्यांचा लेख आहे, आणि परदेशातल्या वाचकाला दलित साहित्याची ओळख ज्या मोजक्या निबंधांतून झाली त्यांत तो येतो. ‘अस्मितेचा शोध’ हा त्यांच्या समीक्षेचा कळीचा शब्द. ‘द क्वेस्ट फॉर ब्लॅक आयडेंटिटी’ या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातही तोच आहे.

अशा तुलनेत एक धोका असतो. साम्ये सांगता सांगता समीक्षक खुशीत येतो आणि भेद विसरतो. वर्ण कातडीवर दिसतो, जात दिसत नाही. ती विचारावी लागते, आडनावातून काढावी लागते, पाणवठ्यावर कळते. गुलामाला मालकाच्या घरात जागा होती, अस्पृश्याला गावातच नव्हती. आणि काळ्या लेखकाने मालकाचाच बायबल उचलून त्याचे आपले गाणे केले. इथे धर्मग्रंथ जाळावा लागला. हे भेद ध्यानात न घेता केलेली तुलना नुसती सहानुभूती ठरते. त्या पिढीतल्या बऱ्याच तुलनात्मक लेखनाबद्दल माझी ही तक्रार आहे, आणि वाघमारे यांचे लेखन तिच्यातून पूर्ण सुटत नाही. पण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी बसून, ग्रंथालयाची जी अवस्था तेव्हा होती ती असताना, राइट आणि बाल्डविन वाचणे आणि त्यांवर मराठीत लिहिणे हे काम छोटे नव्हते. शिवाय त्यांच्या वाचनात एक प्रश्न होता, जो साहित्याचा कमी आणि शिक्षणाचा जास्त होता. तो प्रश्न अमेरिकेतल्या काळ्यांनी त्यांच्याआधी ऐंशी वर्षे भांडून घेतला होता.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे शाळा उभारली. विटा पाडा, सुतारकी शिका, शेती शिका, आधी पोटापाण्याचे बघा, मानाचे हक्क मागाहून येतील, असे त्यांचे म्हणणे. १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात त्यांनी ते जाहीरपणे मांडले आणि गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्यू बॉइस त्याच वर्षी हार्वर्डचे पीएच.डी. झाले होते. त्यांना हे मान्य नव्हते. १९०३ मध्ये त्यांनी लिहिले की समाज वर येतो तो त्याच्यातल्या दहापैकी एका बुद्धिमान माणसाच्या मागून. म्हणून त्या एकाला उत्तमोत्तम विद्यापीठीय शिक्षण द्या, तो बाकीच्या नवांना ओढून घेईल. पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १९४८ मध्ये, ड्यू बॉइस यांनी स्वतःच हे मत पुन्हा तपासले. आपण ज्या दहाव्या हिश्श्यावर भरवसा टाकला तो स्वतःचेच घर बांधत बसू शकतो, हे त्यांना कळून चुकले होते.

हे इथे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण लातूर आहे.

राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये निघाले. शिवछत्रपती शिक्षण संस्थेचे हे कॉलेज. लातूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता. उस्मानाबादेतून तो १९८२ मध्ये वेगळा झाला. दयानंद महाविद्यालय गावात आधीपासून, १९६१ पासून होते. आडत बाजार, डाळीच्या मिल, गूळ, सोयाबीन यांचे हे गाव पुढे बारावीच्या निकालाचे गाव कसे झाले ही गोष्ट बऱ्याच वेळा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अकरावीच्या उन्हाळी सुट्टीतच बारावीचा अभ्यासक्रम सुरू. दिवाळीच्या आसपास तो संपवायचा. पुढचे महिने फक्त सराव: बोर्डासारखीच प्रश्नपत्रिका, बोर्डासारखीच वेळ, तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हातात देऊन गुण कुठे गेले ते दाखवायचे. शिकवणी कोणाच्या घरी नाही, कॉलेजातच. जादा तास घेणारे प्राध्यापकही कॉलेजचेच. यात नवे काय, असे पुण्याचा माणूस विचारेल. नवे हे की जे पुण्यात घरातून मिळत होते ते इथे संस्थेने दिले. ज्या मुलाच्या घरी बारावी शिकलेले कोणी नव्हते त्याला उत्तरपत्रिका म्हणजे काय चीज आहे हे कोणीतरी समोर बसून सांगितले.

या पॅटर्नचे श्रेय कोणाचे, यावर लातुरात चहाच्या टपरीवरही एकमत होत नाही. वाघमारे यांचे नाव घेतात, त्यांच्यानंतरच्या काळातले प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचे घेतात, दयानंदवाले आपले नाव पुढे करतात. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. शिक्षणातल्या अशा गोष्टी एका माणसाच्या डोक्यातून निघत नाहीत. पंधरा-वीस शिक्षक रविवारीही कॉलेजात यायला तयार होतात तेव्हा त्या होतात. प्राचार्याचे काम एवढेच की त्यांना यावेसे वाटेल असे वातावरण ठेवायचे. ते वातावरण वाघमारे यांच्या काळात तयार झाले हे बहुतेक लोक मान्य करतात.

आता समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर शाहू महाविद्यालय हे ड्यू बॉइसचे कॉलेज होते. दहातला एक निवडा आणि त्याला वर पाठवा. गुणवत्ता यादीत नाव आले की मुलगा मेडिकलला, इंजिनिअरिंगला गेला, आणि बहुतेक वेळा मराठवाड्याबाहेर गेला. यात चूक काढणे मला जड जाते. आमच्याकडे एका घरातला एक मुलगा डॉक्टर झाला की तीन घरांचे कर्ज फिटते, हे मी पाहिले आहे. पण तो एक वर गेल्यावर बाकीच्या नऊ जणांचे काय, हा प्रश्न राहतोच. ते नऊ जण बी.ए.ला बसलेले असतात. ज्या कॉलेजला मेरिटचे नाव आहे तिथे कला शाखेचा वर्ग कोणत्या मजल्यावर भरतो आणि तिथले पंखे चालतात का, यावरून त्या कॉलेजची खरी पत कळते, असे माझे एक जुने, थोडे दुष्ट मत आहे. ते कोणत्याही एका कॉलेजबद्दल नाही.

या नऊ जणांसाठी काही करण्याची संधी वाघमारे यांना १९९४ मध्ये मिळाली. मराठवाड्यातल्या शिक्षणाच्या इतिहासात यापेक्षा अवघड क्षणी कुलगुरू झालेला माणूस शोधून सापडणार नाही.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत सुरू झाले, पंडित नेहरूंच्या हस्ते. त्याआधी निजामाच्या राज्यातल्या आमच्या कॉलेजांची नाळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती, आणि उस्मानियाचे माध्यम उर्दू. म्हणजे मराठी मुलाला पदवी घ्यायची तर परक्या भाषेतून, नाहीतर पुण्याला जाऊन. १९५८ ने तो प्रश्न सोडवला, पण अर्धाच. किनवट किंवा देगलूर तालुक्यातल्या मुलासाठी औरंगाबाद हे एका दिवसात जाऊन यायचे गाव नव्हते. गुणपत्रिकेवरच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला दोन दिवस आणि एक रात्र लागे. ती रात्र एस.टी. स्टँडवर.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारले. सोळा वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. दोन महिन्यांपूर्वी, ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला होता. लातूर-उस्मानाबादेत सुमारे दहा हजार माणसे गेली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी शरद पवारांच्या सरकारने नामांतराऐवजी नामविस्तार केला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला दुसरे विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर आणि परभणी या जिल्ह्यांचे; हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून निघाला म्हणून आज ते चार जिल्ह्यांचे आहे.

नामविस्तार आणि विभाजन एकाच वर्षी व्हावे हा योगायोग नाही, असे तेव्हाही अनेक जण बोलत होते आणि आजही बोलतात. एका बाजूला आंबेडकरांचे नाव, दुसऱ्या बाजूला स्वामीजींचे. दोघांच्याही मागे ‘मराठवाडा’ हा शब्द शाबूत. राजकारणातली तडजोड म्हणून ते हुशारीचे होते. पण तडजोडीतून जन्मलेल्या संस्थेला जन्मतःच एक संशय चिकटतो: हे विद्यापीठ शिकवण्यासाठी निघाले की कोणाची समजूत काढण्यासाठी? अशा वेळी काळ्या आणि दलित साहित्यावर पंधरा-वीस वर्षे लिहिलेला माणूस पहिला कुलगुरू होतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. नेमणुकीमागचे हेतू काहीही असोत. ज्या नावावरून प्रदेश दुभंगला त्या नावाचा अर्थ समजलेला माणूस नव्या विद्यापीठाच्या खुर्चीत बसला.

स्वामी रामानंद तीर्थ हे नावही नुसते नेत्याचे नाव नाही, हे आपण विसरतो. व्यंकटेश खेडगीकर संन्यासी होण्याआधी आणि झाल्यावरही शिक्षक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत. निजामाविरुद्धचा लढा त्यांनी मास्तरकीतून उभा केला. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे. नरहर कुरुंदकर तिथेच प्राचार्य होते आणि १९८२ मध्ये अकाली गेले. म्हणजे नांदेडला विद्यापीठ येण्याआधी विद्यापीठाला लागणारी बोलण्याची, वाद घालण्याची सवय होती. फक्त इमारत नव्हती.

इमारत विष्णुपुरीच्या माळावर झाली. वाघमारे यांची पाच वर्षे म्हणजे माळरानावर रस्ते, पाणी, खोल्या, माणसे. या कामाचे वर्णन करायला साहित्यिक भाषा उपयोगाची नाही. ते ठेकेदार, आराखडे, मंजुऱ्या यांचे काम असते. त्यातला एकच निर्णय मी उचलतो, कारण त्यात विचार दिसतो. जुन्या पद्धतीचे सुटेसुटे विभाग न काढता या विद्यापीठाने संकुले काढली. जीवशास्त्र संकुल, भूशास्त्र संकुल, भाषा संकुल. एका छपराखाली जवळजवळच्या विद्या, एकमेकांच्या तासाला बसता येईल अशी सोय. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ही रचना होती. मराठवाड्याला ती नवी होती. कल्पना अशी की मराठीचा विद्यार्थी उर्दूच्या वर्गात डोकावेल आणि इंग्रजीवाला दोघांच्याही.

नांदेडसारख्या ठिकाणी ही कल्पना सोन्यासारखी होती. देगलूर-बिलोलीत तेलुगू, उदगीर-देवणीत कानडी, शहरात उर्दू आणि दख्खनी, गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी, किनवटात गोंडी आणि कोलामी. महाराष्ट्रातल्या फार थोड्या विद्यापीठांच्या अंगणात इतक्या भाषा असतील. आणि कुलगुरू तुलनात्मक समीक्षक! इथे देशातले पहिल्या दर्जाचे तुलनात्मक साहित्याचे केंद्र व्हायला हवे होते. काळे साहित्य, दलित साहित्य, तेलुगू-कानडीतले बंडखोर लेखन एका टेबलावर ठेवून वाचणारे केंद्र. विद्यापीठाची ती ओळख झाली नाही. चांगले प्राध्यापक झाले, चांगले प्रबंधही झाले, पण देशभरातल्या अभ्यासकाने त्यासाठी नांदेडचे तिकीट काढावे असे झाले नाही. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत मोठी हुकलेली गोष्ट हीच वाटते, आणि ती हुकण्याचे कारण त्यांच्यात कमी आणि आपल्या विद्यापीठीय रचनेत जास्त आहे.

त्या रचनेबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रातले विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे कार्यालय असते. संलग्न कॉलेजे, त्यांचे अर्ज, त्यांच्या मान्यता, त्यांचे निकाल, फेरतपासणी. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना दार उघडले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कला-वाणिज्य-विज्ञानाची विनाअनुदानित कॉलेजेही तालुक्या-तालुक्यांत उगवली. एकेका आमदाराचे एकेक. नांदेडला जे विद्यापीठ मिळाले ते या लाटेच्या मध्यावर. त्याच वर्षी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला, त्याच वर्षी मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळही आले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मागासलेपणाचा अनुशेष मोजून ठेवला होताच. कागदावर मराठवाड्याला तेव्हा सगळे मिळाले. पण परीक्षा विभागाचे ओझे असे की कुलगुरूचा दिवस संकुलांत कमी आणि कॉलेजांच्या शिष्टमंडळांत जास्त जातो. पहिल्या कुलगुरूने तरी दुसरे काय केले असते? मला याचे उत्तर सापडलेले नाही. कदाचित कमी कॉलेजांना हो म्हणणे. पण ‘नाही’ म्हटले की तालुक्यातल्या मुलींचे शिक्षण बारावीला थांबते, हेही तितकेच खरे. मुलीला गावाच्या कॉलेजात पाठवतात, नांदेडला पाठवत नाहीत. ते निकृष्ट कॉलेजसुद्धा एखादीचे लग्न तीन वर्षे पुढे ढकलते.

कुलगुरुपदानंतर माणूस साधारणतः समित्यांवर जातो. वाघमारे थेट निवडणुकीला उभे राहिले आणि लातूरचे नगराध्यक्ष झाले. नळ, गटार, कचरा. ड्यू बॉइसही १९५० मध्ये, ऐंशी पार केल्यावर, न्यूयॉर्कमधून सिनेटसाठी उभे राहिले होते, ते पडले. वाघमारे निवडून आले, आणि मग समीक्षकाला शोभेल असे त्यांनी केले: त्या अनुभवावरही पुस्तक लिहिले. लातूरच्या पाण्याचा प्रश्न पुढे इतका विकोपाला गेला की एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वसतिगृहांतली मुले बादल्या घेऊन रांगेत उभी असल्याची छायाचित्रे त्या उन्हाळ्यात छापून येत होती. शिक्षणाचे केंद्र म्हणवणाऱ्या गावात पिण्याचे पाणी नाही, ही गोष्ट शिक्षणधोरणाच्या कोणत्याच अहवालात येत नाही.

राज्यसभेची सहा वर्षे मी चटकन ओलांडतो. त्या काळात दिल्लीत उच्चशिक्षणावर मोठमोठी विधेयके आली. यशपाल समितीच्या अहवालानंतर उच्चशिक्षण व संशोधन आयोगाचे विधेयक २०११ मध्ये राज्यसभेतच मांडले गेले, परदेशी विद्यापीठांचे २०१० मध्ये लोकसभेत. दोन्ही बारगळली. वर्गात, माळावर आणि नगरपालिकेत काम केलेल्या माणसासाठी ते सभागृह मला थोडे हवेतले वाटते. हा माझा पूर्वग्रहही असू शकतो.

खरी गाठ लातूर आणि नांदेड यांच्यामध्ये आहे. वाघमारे यांचे दोन मोठे संस्थात्मक काम एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. शाहू महाविद्यालयाचा हुशार मुलगा नांदेडच्या विद्यापीठात येत नाही. यायचे नाही म्हणूनच तर तो लातूरला आलेला असतो. आणि नांदेडच्या संकुलात एम.एस्सी.ला जो येतो तो बहुधा लातूरच्या परीक्षेत मागे राहिलेला असतो, किंवा लातूरची फी ज्याला परवडलीच नाही असा. एका शिडीने दहातल्या एकाला उचलले आणि दुसऱ्या जागेवर नऊ जणांना बसवले. दोन्ही शिड्या एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. ड्यू बॉइसला जे समजायला पंचेचाळीस वर्षे लागली ते वाघमारे यांच्या कारकिर्दीत शेजारीशेजारी, एकशे चाळीस किलोमीटरच्या अंतरावर मांडलेले आहे. लोहा-अहमदपूर मार्गे एस.टी.ने निघालात तर साडेतीन तासांत दोन्ही बघता येते.

त्यात आता लातूरचा पॅटर्नही पूर्वीचा राहिला नाही. तो बोर्डाच्या लेखी परीक्षेसाठी घडला होता: मुद्देसूद उत्तर, आकृती, अक्षर. मग सीईटी आली, नीट आली, चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा. कॉलेजातले जादा तास मागे पडले आणि उद्योग भवनाच्या परिसरात खासगी क्लासेसच्या पाट्या चढल्या. पूर्वी जे संस्था देत होती ते आता पालक विकत घेतात. दोन एकर विकून घेतात. मेडिकल प्रवेशातल्या ७०:३० च्या सूत्राने मराठवाड्याच्या मुलांवर अन्याय होत होता, कारण आमच्याकडे कॉलेजे कमी. २०२० मध्ये लातूरच्याच मंत्र्यांनी ते रद्द झाल्याचे जाहीर केले तेव्हा इथे फटाके वाजले आणि ते योग्यच होते. पण २०२४ मध्ये नीटच्या गैरप्रकारांचा तपास लातूरपर्यंत आला आणि दोन शिक्षकांना अटक झाली तेव्हा गावात जी शांतता पसरली, तीही मला आठवते. त्या शांततेत धक्का होता, आणि ‘आज ना उद्या हे होणारच होते’ असेही काहीतरी होते.

याचे खापर चाळीस वर्षांपूर्वीच्या एका प्राचार्यावर फोडणे मूर्खपणाचे होईल. तरी एक प्रश्न विचारायला हवा, तो त्यांच्याच समीक्षेतून आलेला आहे. ज्याने आयुष्यभर अस्मितेच्या शोधावर लिहिले त्याने घडवलेल्या कॉलेजात मुलाला स्वतःचा शोध घ्यायला आठवड्यातला कोणता तास होता? सराव परीक्षेच्या वेळापत्रकात बाल्डविन कुठे बसतो? टस्कीगीत विटा पाडणाऱ्या मुलाला निदान विट हातात दिसत होती. मला वाटते वाघमारे यांच्यातल्या प्राचार्याने समीक्षकाला थोडे गप्प बसवले. परिस्थितीच तशी होती, भूक मोठी होती, आणि निकालाची भाषा सगळ्यांना कळत होती. नांदेडला गेल्यावर समीक्षक पुन्हा बोलू लागला, संकुलांच्या रचनेत त्याचा आवाज ऐकू येतो. तोवर पाचच वर्षे हातात होती.

गावागावांतल्या भांडणाचेही या कहाणीत थोडे आहे. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून दोन्ही शहरे पेटली होती. विद्यापीठाबद्दलही लातूरकरांच्या मनात तोच सल आहे. लातूरला पेठजवळ विद्यापीठाचे उपकेंद्र झाले, तरी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी अधूनमधून निघते. औरंगाबाद लांब पडते म्हणून नांदेड झाले. आता नांदेड लांब पडते. लांब पडणे हे किलोमीटरवर अवलंबून नसते हे अशा वेळी कळते.

राजर्षी शाहू महाविद्यालय आता स्वायत्त आहे. अभ्यासक्रम त्यांचे, प्रश्नपत्रिका त्यांच्या, तपासणी त्यांची. कायद्याप्रमाणे पदवी मात्र अजून मूळ विद्यापीठच देते. त्यामुळे लातूरच्या मुलीच्या हातात जे प्रमाणपत्र पडते त्यावर कॉलेजचे नाव असते आणि वरती, मोठ्या अक्षरांत, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. कागद एकच आहे. परवा आमच्या शेजारच्या मुलीने तो लॅमिनेशन करून आणला, भिंतीवर कुठे लावू म्हणून विचारायला आली होती.